न दिसतां आलेलीं विमानें



१९७१ सालच्या डिसेंबर महिन्यांतील मुंबईच्या रात्री ज्यांना आठवत असतील, त्यांना खिडक्यांच्या तावदानांवर चिकटविलेला काळा कागदही आठवेल. भोंगा वाजला कीं चाळींतील सारे दिवे मालवत, आणि जिन्यांत जमलेलीं माणसें एकमेकांशीं हलक्या आवाजांत बोलूं लागत. त्या वेळीं मी दहा-अकरा वर्षांचा होतों. अशाच एका रात्रीं मीं वडिलांना विचारलें, "नाना, शत्रूचें विमान दिवे न लावतां आलें, तर तें आलें हें कळणार कसें?" नाना म्हणाले, "पाहणारे पाहात असतील. तूं झोंप आतां." पुढें मी शिक्षक झालों, इतिहास शिकवूं लागलों, आणि वर्गांतील मुलें तोच प्रश्न मला विचारूं लागलीं. नानांचें उत्तर त्यांना देऊन माझें समाधान होईना. म्हणून या प्रश्नाचा इतिहास जमेल तसा वाचीत गेलों. त्यांतीलच कांहीं हकीकती आज आपणांपुढें मांडावयाच्या आहेत. परक्या देशाचें बाँबफेकी विमान पहारेकऱ्यांच्या नकळत आकाशांत शिरूं शकतें काय, हा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें अत्यंत निराशाजनक उत्तर १९३२ सालीं इंग्लंडांत देण्यांत आलें. त्या वर्षीं १० नोव्हेंबर रोजीं स्टॅन्ले बाल्डविन यांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं, बाँबफेकी विमान कसेंही करून आंत शिरणारच, आणि रस्त्यावरील साध्या माणसानें हें समजून असावें. बोलणारा गृहस्थ दोन वेळां पंतप्रधानपद भूषविलेला होता, आणि त्याच्या बोलण्यामागें हिशेब होता. पहिल्या महायुद्धांत जर्मन विमानांनीं लंडनवर टाकलेले बाँब लोक विसरले नव्हते. किनाऱ्यापासून लंडन शहर त्या काळच्या वेगानेंही अर्ध्या तासाच्या आंत गांठतां येई. शत्रू किनाऱ्यावर दिसल्यानंतर लढाऊ विमानें जमिनीवरून उठून वर चढेपर्यंत बाँब पडून गेलेले असत. तेव्हां शत्रू कोठून येतो हें आधीं कळत नसेल, तर चोवीस तास साऱ्या आकाशांत गस्त घालावयास हवी होती, आणि इतकीं विमानें कोणत्याच राष्ट्रापाशीं नव्हतीं.

तोंवर आकाशावर पहारा ठेवण्याचीं साधनें दोनच होतीं, डोळे आणि कान. डोळ्यांना ढग आणि रात्र आडवी येई. म्हणून इंग्रजांनीं कानांवर भर दिला. केंट परगण्यांत डेंज नांवाच्या ठिकाणीं समुद्रकांठीं त्यांनीं काँक्रीटच्या प्रचंड वाट्या उभ्या केल्या. एक वीस फूट व्यासाची, दुसरी तीस फूट व्यासाची, आणि तिसरी तर दोनशें फूट लांबीची वांकडी भिंतच होती. दूरच्या इंजिनाचा आवाज या वाटींत गोळा व्हावा आणि समोर बसलेल्या माणसास तो ऐकूं यावा, अशी ही योजना होती. हवा शांत असली तर वीसेक मैलांवरील विमान ऐकूं येई. वारा सुटला किंवा जवळून एखादी मोटार गेली कीं हा कान बहिरा होई. शिवाय विमानांचा वेग वर्षागणिक वाढत होता. ताशीं दोनशें मैल वेगाचें विमान वीस मैल सहा मिनिटांत कापतें, आणि सहा मिनिटांत बचावाचीं विमानें लढाईच्या उंचीवर पोहोंचूं शकत नव्हतीं. त्या भिंती आजही तेथें उभ्या आहेत; प्रवासी त्या पाहावयास जातात.

यापुढील हकीकत आपणां नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष जवळची वाटेल. १९३५ च्या आरंभीं ब्रिटिश हवाई खात्यानें रॉबर्ट वॉटसन-वॅट या शास्त्रज्ञांना विचारलें कीं, रेडिओच्या लहरींनीं शत्रूच्या वैमानिकास निकामी करणारा 'मृत्युकिरण' निर्माण करतां येईल काय. वॉटसन-वॅट यांनीं आपले साहाय्यक आर्नल्ड विल्किन्स यांना एक गणित घातलें: एक किलोमीटर उंचीवर आणि पांच किलोमीटर अंतरावर असलेल्या आठ पिंट पाण्याचें उष्णतामान ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ अंशांवर नेण्यास किती रेडिओशक्ति लागेल? माणसाच्या अंगांत सुमारें आठ पिंट रक्त असतें, हें विल्किन्स यांच्या ध्यानांत आलें आणि गणिताचा हेतू कळला. उत्तर असें निघालें कीं, इतकी शक्ति निर्माण करणें त्या काळीं सर्वस्वीं अशक्य होतें. मृत्युकिरण तेथेंच संपला. परंतु मग हवाई खात्याला दुसरी कोणती मदत करतां येईल, असें विचारल्यावर विल्किन्स यांना एक जुनी नोंद आठवली. जवळून विमान गेलें कीं रेडिओच्या ग्रहणांत चढउतार होतो, असें पोस्ट खात्याच्या इंजिनियरांना आढळून आलें होतें. याचा अर्थ, लहर विमानावर आपटून परत येते. वैमानिकास इजा करण्याइतकी ती प्रबल नसली तरी विमान कोठें आहे हें सांगण्याइतकी खास आहे.

त्याची परीक्षा २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं झाली. डॅव्हेंट्री येथें बी.बी.सी.चें लघुलहरींचें मोठें केंद्र होतें. साम्राज्यांतील दूरदूरच्या श्रोत्यांसाठीं तेथून कार्यक्रम प्रक्षेपित होत. ४९ मीटरच्या त्या लहरींतून हेफर्ड जातीचें एक बाँबफेकी विमान मागेंपुढें फिरविण्यांत आलें. कांहीं मैलांवरच्या एका शेतांत मोटारगाडींत ग्राहकयंत्र मांडून तीनचार माणसें पडद्यावरील तेजस्वी रेषेकडे पाहात होतीं. विमान जवळ आलें कीं रेषा लांबे, दूर गेलें कीं आंखडे. आठ मैलांपर्यंत तें विमान त्यांना असें 'दिसत' राहिलें. ज्या लहरींवरून घराघरांत बातम्या आणि गाणीं जात, त्याच लहरींनीं विमानाची चाहूल दिली! याच विद्येस पुढें 'रडार' हें नांव मिळालें. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध सुरू झालें तेव्हां इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर अशीं सुमारें वीस ठाणीं उभीं होतीं. लहरी सोडणारे पोलादी मनोरे साडेतीनशें फुटांहून उंच, आणि परतलेल्या लहरी टिपणारे लांकडी मनोरे दोनशें चाळीस फूट उंचीचे होते. उंचावरून येणारीं विमानें शंभर मैलांवर असतांनाच त्यांना कळूं लागत.

येथें गोष्ट संपली असती तर बाल्डविन यांना मनोऱ्यांनींच उत्तर दिलें असें म्हणून आपण मोकळे झालों असतों. परंतु १९४० सालीं ब्रिटनच्या आकाशांत झालेल्या लढाईंत जें कामास आलें, तें मनोऱ्यांमागें ह्यू डाउडिंग यांनीं उभें केलेलें माणसांचें आणि टेलिफोनांचें जाळें होय. मनोरे फक्त समुद्राकडे पाहात. विमान किनारा ओलांडून आंत आलें कीं तें त्यांना दिसेनासें होई. तेथून पुढें दुर्बिणी घेतलेले हजारों स्वयंसेवक त्याचा माग ठेवीत. साऱ्या ठाण्यांच्या वर्द्या बेंटली प्रायरी येथील एका तळघरांत येत. एकच टोळी तीन ठाण्यांनीं तीन ठिकाणीं सांगितली असली, तर खरी कोणती हें तेथें ठरवीत, आणि एका मोठ्या टेबलावरील नकाशावर हवाईदलांतील मुली लांब दांड्यांनीं सोंगट्या सरकवीत. मगच लढाऊ विमानांना उड्डाणाचा हुकूम सुटे.

आणि या व्यवस्थेचा पहिला घास आपलीच माणसें झालीं, हें येथें सांगितलेंच पाहिजे. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं, म्हणजे युद्ध जाहीर झाल्यावर तिसऱ्याच दिवशीं, पूर्व किनाऱ्यावर खोटा इशारा झाला. वर उडालेलीं इंग्रजांचीं विमानें रडारवर दिसलीं तीं शत्रूचीं म्हणून. त्यांना अडविण्यास आणखी विमानें गेलीं, आणि स्पिटफायर विमानांनीं आपल्याच दोन हरिकेन विमानांना पाडलें. एक तरुण वैमानिक ठार झाला. यंत्रानें विमान दाखविलें होतें. तें कोणाचें हें दाखविलें नव्हतें. यानंतर विमानानें आपली खूण आपण होऊन कळवावी असें लहान यंत्र प्रत्येक विमानावर बसविण्याची घाई झाली.

आमच्या खेड्यांत पूर्वीं जागल्या असे. रात्रीं कोणी आलें तर त्यानें तीन कामें करावयाचीं: माणूस पाहावयाचा, तो कोण हें ओळखावयाचें, आणि वेळ पडली तर पाटलाला उठवावयाचें. यांतील पहिलें काम रडारनें उत्तम केलें. घात झाले ते बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या कामांत. माझ्या वाचनांत आलेल्या हकीकती पुन्हां पुन्हां हेंच सांगतात.

त्यांपैकीं पहिली पर्ल हार्बरची. ७ डिसेंबर १९४१, रविवारची सकाळ. हवाई बेटांतील ओआहूच्या उत्तर टोंकास ओपाना येथें अमेरिकन सैन्याचें एक फिरतें रडार होतें, आणि लॉकार्ड व एलियट हे दोघे तरुण शिपाई त्यावर बसले होते. त्यांची पाळी पहाटे चारपासून सातपर्यंत. सात वाजले, परंतु न्याहारीस नेणारी मोटार आली नव्हती. म्हणून सरावासाठीं त्यांनीं यंत्र चालूंच ठेवलें. ७ वाजून २ मिनिटांनीं उत्तरेस सुमारें १३० मैलांवर एवढी मोठी खूण उमटली कीं, यंत्रच बिघडलें असावें असें त्यांना प्रथम वाटलें. त्यांनीं टेलिफोन केला. माहिती-केंद्रांतील नकाशावर काम करणारीं माणसें पाळी संपवून न्याहारीस गेलीं होतीं. तेथें उरलेला लेफ्टनंट टायलर या कामावर दुसऱ्यांदाच आला होता. त्या पहाटे कामावर येतांना त्यानें मोटारींतील रेडिओवर हवाईयन संगीत ऐकलें होतें. अमेरिकेहून बाँबफेकी विमानें यावयाचीं असलीं कीं त्यांना दिशा सांपडावी म्हणून तेथील रेडिओ-केंद्र रात्रभर गाणीं चालूं ठेवी, हें त्याच्या एका मित्रानें त्याला सांगितलें होतें. त्यानें तर्क केला कीं हीं आपलींच विमानें. आणि त्या सकाळीं कॅलिफोर्नियाहून बी-१७ विमानें खरोखरीच येत होतीं. काळजी करूं नका, असें त्यानें शिपायांस सांगितलें. शिपायांनीं ती खूण बेटाजवळ येऊन डोंगरांआड दिसेनाशी होईपर्यंत टिपून ठेवली. पर्ल हार्बरवर हल्ला सुरू झाला तो ७ वाजून ५५ मिनिटांच्या सुमारास. पहिल्या लाटेंत १८३ जपानी विमानें होतीं. त्या दिवशीं २,४०० हून अधिक अमेरिकन माणसें मेलीं.

इशाऱ्याचीं पन्नासहून अधिक मिनिटें हातांत होतीं, आणि तीं फुकट गेलीं. टायलरला मूर्ख ठरविणें सोपें आहे. परंतु त्याला कोणी शिकविलें नव्हतें, त्याच्या शेजारीं कोणी अधिकारी नव्हता, आणि त्याचा तर्क उपलब्ध माहितीशीं जुळत होता. एक प्रश्न मात्र त्यानें विचारला नाहीं: "विमानें किती आहेत?" शिपायांनींही आंकडा सांगितला नाहीं. हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर आपल्या येणाऱ्या मूठभर विमानांशीं त्या प्रचंड खुणेचा मेळ बसला नसता.

यंत्राच्या डोळ्यांत धूळ फेंकण्याची युक्तिही लौकरच निघाली. तिचा इतिहास मोठा विचित्र आहे. ॲल्युमिनियमचा वर्ख लावलेल्या कागदाच्या पट्ट्या आकाशांतून सोडल्या तर रडारला त्या विमानांसारख्याच दिसतात. पट्टीची लांबी रडारच्या लहरीच्या निम्मी असली कीं परिणाम उत्तम होतो. हें इंग्रजांना ठाऊक होतें आणि जर्मनांनाही ठाऊक होतें. परंतु आपण वापरली तर दुसराही वापरील, या भीतीनें दोघांनींही ती कुलपांत ठेवली होती! अखेर २४ जुलै १९४३ च्या रात्रीं इंग्रजांनीं हँबुर्गवर ७९१ विमानें पाठविलीं, आणि त्यांनीं वाटेंत सत्तावीस सेंटिमीटर लांबीच्या लाखों पट्ट्या सोडल्या. जर्मन तोफांचीं आणि रात्रींच्या लढाऊ विमानांचीं रडारें हजारों खोट्या खुणांनीं भरून गेलीं. विमानें येत आहेत हें त्यांना कळलें होतें. कोणत्या खुणेंत विमान आहे हें कळेना. इंग्रजांचीं फक्त बारा विमानें पडलीं. त्यानंतरच्या कांहीं रात्रींत हँबुर्गांत जो आगीचा डोंब उसळला त्यांत तीस हजारांहून अधिक नागरिक मेले. यांत स्त्रिया होत्या, मुलें होतीं. बाल्डविन यांचें भाकीत एका शहरापुरतें खरें ठरलें, आणि तें त्यांच्याच देशाच्या विमानांनीं खरें केलें.

महायुद्ध संपल्यावर अमेरिका आणि रशिया एकमेकांच्या आकाशाकडे डोळे लावून बसले. आतां एका विमानांत एक शहर नष्ट करण्याची शक्ति आली होती. पहिली कल्पना अशी कीं, खूप उंचावरून गेलें म्हणजे झालें. सत्तर हजार फुटांवरून जाणारें यू-२ हें टेहळणीचें विमान रशियन रडारला धडपणें दिसणार नाहीं, अशी अमेरिकनांची आशा होती. ४ जुलै १९५६ रोजीं तें प्रथम रशियावरून गेलें, आणि आठवड्याभरांतच रशियाचा निषेधखलिता आला. रशियनांनीं तें पाहिलें होतें; मात्र तेथपर्यंत पोहोंचेल असें अस्त्र त्यांच्यापाशीं नव्हतें. १ मे १९६० पर्यंत तें अस्त्र आलें. त्या दिवशीं पेशावरहून निघालेलें असेंच एक विमान स्व्हेर्दलोव्हस्क शहराजवळ पाडण्यांत आलें. त्याच गोंधळांत रशियनांनीं आपलेंही एक मिग विमान क्षेपणास्त्रानें पाडलें. आपलें कोणतें आणि परकें कोणतें, ही १९३९ सालची अडचण एकवीस वर्षांनींही सुटली नव्हती.

उंचावर निभाव लागत नाहीं असें दिसतांच विमानें खालीं उतरलीं. याचें गणित मी शाळेंत फळ्यावर करून दाखवीत असें. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून खालून येणारें विमान क्षितिजाआड दडतें. रडार जमिनीलगत आहे असें धरलें, तर दहा हजार मीटर उंचीवरील विमान त्याला सुमारें चारशें किलोमीटरांवरून दिसूं शकतें. ताशीं नऊशें किलोमीटर वेगानें तें अंतर कापण्यास सत्तावीस मिनिटें लागतात. तेंच विमान शंभर मीटर उंचीवरून आलें, तर तें सुमारें चाळीस किलोमीटरांवर येईपर्यंत दिसत नाहीं, आणि पहारेकऱ्याच्या हातीं पुरतीं तीन मिनिटेंही राहात नाहींत. उंची शंभरपटीनें कमी झाली कीं अंतर दहापटीनें कमी होतें. यावर उपाय म्हणून रडार डोंगरावर नेण्यांत आलें, नंतर विमानांत बसवून आकाशांत नेण्यांत आलें. परंतु डोंगर वाटेल तेथें नसतात, आणि विमान चोवीस तास वर ठेवणें श्रीमंत राष्ट्रांनाच परवडतें.

५ जून १९६७ रोजीं इस्रायलचीं विमानें अशींच समुद्राला लगटून इजिप्तवर गेलीं आणि त्या दिवसांत इजिप्तचीं सुमारें तीनशें विमानें बहुतांशीं जमिनीवरच नष्ट झालीं. येथेंही कोणाला कांहींच दिसलें नाहीं असें नव्हतें. जॉर्डनमधील अजलून येथील उंच डोंगरावरच्या रडारनें उड्डाणें टिपलीं होतीं आणि सांकेतिक इशारा पाठविलाही होता. इजिप्तनें आदल्याच दिवशीं आपली संकेतपद्धति बदलली होती. तो इशारा तेथें वेळेवर उकलला गेला नाहीं. जागल्यानें हांक मारली, पण पाटलाच्या घरीं ती भाषा कोणाला येत नव्हती, असा हा प्रकार झाला.

आतां एका तरुणाची हकीकत सांगतों. हा शत्रू नव्हता आणि त्याचें विमानही बाँबफेकी नव्हतें. परंतु आकाशांतील पहाऱ्याचें मर्म तिच्याइतकें दुसऱ्या कोणत्याही हकीकतींत उघडें झालेलें नाहीं. २८ मे १९८७ रोजीं मथियास रुस्त नांवाचा अठरा वर्षांचा जर्मन मुलगा हेलसिंकीहून लहानसें सेसना विमान घेऊन निघाला आणि संध्याकाळीं मॉस्कोंत क्रेमलिनच्या भिंतीपाशीं येऊन उतरला. साऱ्या जगांतील अत्यंत दाट हवाई पहारा त्या काळीं रशियाचा होता. रडारला तो दिसला होता. एका मिग वैमानिकानें तर जवळ जाऊन त्याला डोळ्यांनीं पाहिलें. वाटेंत एके ठिकाणीं शिकाऊ वैमानिकांचीं उड्डाणें चालूं होतीं. त्याला त्यांतीलच एक समजण्यांत आलें. पुढें दुसऱ्या ठिकाणीं एका अपघाताचें शोधकार्य चालूं होतें. तेथें तो शोधपथकांतील विमान ठरला. परवानगीवांचून कोणी परका इतक्या आंत येईलच कसा, या खात्रीनेंच त्याला वाट मोकळी करून दिली. थोड्याच दिवसांत रशियाचे संरक्षणमंत्री आणि हवाई संरक्षणदलाचे प्रमुख, दोघांचींही पदें गेलीं.

मग त्याला दिसतांक्षणींच कां पाडलें नाहीं? याचें एक कारण चार वर्षें आधीं घडून गेलें होतें. १ सप्टेंबर १९८३ रोजीं कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या आकाशांत शिरलें. अमेरिकन टेहळणी विमानें त्या भागांत फिरत असत. हें तेंच असें समजून तें पाडण्यांत आलें, आणि २६९ निरपराध माणसें मेलीं. साऱ्या जगानें धिक्कार केला. त्यानंतर गोळी झाडण्याचा हुकूम देतांना प्रत्येक अधिकाऱ्याचा हात अडखळूं लागला. दोषाचें असें पारडें एकाच देशाकडे झुकलेलें नाहीं. ३ जुलै १९८८ रोजीं अमेरिकन युद्धनौकेनें बंदर अब्बासहून दुबईस निघालेलें इराणचें प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडलें. त्यांत २९० माणसें होतीं. दहा आपल्या हिंदुस्थानचीं होतीं. पहारेकरी फार वेळ विचार करील तर शहर जातें, आणि फार लौकर निर्णय घेईल तर प्रवासी जातात. या दोन भयांच्या मधल्या कांहीं मिनिटांत त्याला बसावें लागतें.

अलीकडे 'न दिसणाऱ्या' विमानांचा फार गवगवा आहे. त्यांचें रहस्य आकारांत आहे. विमानाच्या कडांवरून लहरी कशा विखुरतात याचें गणित प्योत्र उफिम्त्सेव्ह या रशियन शास्त्रज्ञानें १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच्या देशानें तें फारसें मनावर घेतलें नाहीं. अमेरिकेंतील इंजिनियरांनीं त्याचें भाषांतर वाचून त्याच्या आधारें एफ-११७ हें विमान बांधलें. पृष्ठभाग असे कोनांत कापलेले कीं लहर आलेल्या वाटेनें परत न जातां भलतीकडेच निघून जाते. १७ जानेवारी १९९१ च्या रात्रीं या विमानांनीं बगदादवर बाँब टाकले आणि त्यांतील एकही पडलें नाहीं. परंतु २७ मार्च १९९९ रोजीं सर्बियांत बुजानोव्ह्ची गांवाजवळ असेंच एक विमान जुन्या बनावटीच्या क्षेपणास्त्रानें पडलें. शोध लावणारें रडारही जुनें, लांब लहरींचें होतें. नव्या आंखूड लहरींना चकविण्यासाठीं कापलेला आकार लांब लहरींना तितकासा चकवूं शकत नाहीं. डॅव्हेंट्रीच्या शेतांत जी लहर उपयोगी पडली ती लांबच होती, हें आठवलें म्हणजे गंमत वाटते.

२२ जून २०२५ रोजीं अमेरिकेचीं सात बी-२ विमानें इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकून परत गेलीं, आणि त्यांच्यावर एकही गोळी झाडली गेली नाहीं असें अमेरिकन सेनाधिकाऱ्यांनीं सांगितलें. विमानाचा आकार त्यांच्या उपयोगीं पडला असेलच. परंतु त्यापूर्वीं नऊ दिवस इस्रायलनें इराणचीं रडारें आणि क्षेपणास्त्रें फोडलीं होतीं, आणि जगाची नजर भलतीकडे वळावी म्हणून कांहीं बी-२ विमानें मुद्दाम पश्चिमेकडे, पॅसिफिकवर पाठविण्यांत आलीं होतीं. म्हणजे न दिसण्यासाठीं पाहणाऱ्याचे डोळे आधीं फोडावे लागले, आणि उरलेली नजर दुसरीकडे वळवावी लागली.

शेवटची हकीकत आपल्याच देशाची आहे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्रीं एका परक्या विमानानें बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यांत शेंकडों रायफली आणि दारूगोळा पॅराशूटनें टाकला. सकाळीं खेडुतांना शेतांत शस्त्रांच्या पेट्या सांपडल्या. हें विमान रडारला चकवून आलेलें नव्हतें. तें कराचीहून वाराणसीस रीतसर उतरलें होतें आणि तेथून कलकत्त्यास निघालें होतें. शस्त्रें टाकून तें कलकत्त्यासही उतरलें आणि देशाबाहेर निघून गेलें. असा बेत शिजतो आहे ही खबर परदेशांतून आपल्या सरकारला आधींच मिळाली होती. परंतु ती ज्यांनीं रात्रीं जागावयाचें त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोंचली नाहीं. चार दिवसांनीं तेंच विमान पुन्हां आपल्या आकाशांतून जात असतां हवाईदलानें तें मुंबईस उतरविलें. त्या वेळीं मुंबईच्या वर्तमानपत्रांतील ती बातमी मीं वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविली होती. एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, म्हणजे तें विमान सर्वांना दिसलें होतें?" मीं म्हटलें, "होय, सर्वांना दिसलें होतें."

तेव्हां मूळच्या प्रश्नाचें उत्तर असें देतां येईल. उंचावरून, खालून, कागदी पट्ट्यांच्या पडद्याआडून किंवा चमत्कारिक आकार धारण करून विमान आपली खूण लहान करूं शकतें, आणि इशाऱ्याची मिनिटें कमी करूं शकतें. पण सर्वस्वीं न दिसतां आलेलें विमान इतिहासांत फार थोडें सांपडतें. दिसलें आणि आपलें समजलें गेलें, दिसलें आणि कळविलें गेलें नाहीं, कळविलें आणि ऐकणाऱ्यानें मनावर घेतलें नाहीं, अशींच विमानें पुष्कळ आहेत. यंत्रें विकत आणतां येतात; जीं राष्ट्रें यंत्रांवर कोट्यवधि रुपये खर्च करतात, तीं टेलिफोनच्या दोन टोंकांस बसलेल्या माणसांच्या शिक्षणावर किती खर्च करतात, हें विचारण्याचा अधिकार खालीं घरांत झोंपणाऱ्या प्रत्येक नागरिकास आहे. "हें काय आहे हें मला कळत नाहीं" असें वरिष्ठास निर्भयपणें सांगणारा शिपाई, आणि तें ऐकून "किती आहेत?" असा आणखी एक प्रश्न विचारणारा अधिकारी, हीं दोन माणसें तयार करणें मनोरे बांधण्यापेक्षां अवघड काम आहे.

नाना त्या रात्रीं म्हणाले होते, पाहणारे पाहात असतील. त्यांचें तेवढें म्हणणें खरें होतें. पाहणारे त्या काळींही पाहात होते, आणि आजही पाहात आहेत. पाहिलेलें ओळखून वेळेवर कळविण्याची सोय आपण त्यांना करून दिली आहे काय, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो मी आपणां सर्वांकडे सोंपवून आपली रजा घेतों.